चाळकेवाडी ते माणदेश : शिकारी पक्ष्यांच्या मागावर

शुक्रवार : सज्जनगड, चाळकेवाडी

पाऊस संपून दीड महिना झाला, कासची फुलं आणि फुलांमागची गर्दी दोन्ही ओसरली, गवत पिवळं पडलं, की सातारा जिल्ह्यात शिकारी पक्ष्यांचे दिवस येतात. मध्य आशियातून निघालेले पाहुणे नोव्हेंबरअखेर आपापल्या जागी स्थिरावतात आणि कड्यांवरचे कायमचे रहिवासी घरट्याच्या तयारीला लागतात. एकाच जिल्ह्यात इतके वेगवेगळे शिकारी पक्षी दिसण्याचं कारण पावसात आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेकडच्या माण तालुक्यात जेमतेम पाचशे. मधल्या टप्प्यात दाट जंगल, जांभ्याची पठारं, उसाचे फड, शाळूची रानं आणि उघडे माळ सगळं येऊन जातं. म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचं ठरवलं.

सोबत माझी भाची होती. ती जॉर्जियात, बातुमीला डॉक्टरकी शिकून यंदाच परत आली आहे. बातुमी हे नाव पक्षी पाहणाऱ्यांना वेगळ्याच कारणाने ठाऊक असतं. एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला कॉकेशसचे डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून युरोप-रशियाचे शिकारी पक्षी हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे जातात. मोठ्या पंखांच्या पक्ष्यांना वर चढायला तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा लागते. समुद्रावर ती मिळत नाही. त्यामुळे ते समुद्र टाळतात आणि सगळे त्या बोळात शिरतात. दर शरदात दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी तिथून जातात आणि २००८पासून दरवर्षी त्यांची मोजणी होते. भाची सुट्टीच्या दिवशी साखालवाशो गावाच्या टेकडीवर जाऊन मोजणाऱ्यांच्या शेजारी बसायची, त्यांच्याकडून शिकायची. घरी आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "मामा, आपल्याकडे हिवाळ्यात काय काय असतं?"

सज्जनगडाच्या पायथ्याला उजाडलं. कड्यावर ऊन पोचेपर्यंत पक्षी हलत नाहीत, म्हणून चहा घेऊन थांबलो. साडेआठच्या सुमाराला कड्याच्या कडेने बोनेली गरुडाची जोडी निघाली. हा गरुड ओळखायला मला त्याची पाठ फार उपयोगी पडते. दोन पंखांच्या मध्ये पांढरा डाग असतो आणि पक्षी वळला की तो उन्हात उजळतो. खालून पाहिलं तर पोट पांढुरकं, पंखांखालचा पुढचा भाग गडद आणि शेपटीच्या टोकाला एक रुंद काळा पट्टा. जोडीजोडीने कडा फिरणं हीसुद्धा त्याची खूणच. दोघांनी गडाला एक फेरी मारली आणि ठोसेघरच्या बाजूला निघून गेले. आम्हीही त्याच बाजूला निघालो.

चाळकेवाडीचं पठार म्हणजे वारा. म्हणूनच तिथे नव्वदीच्या दशकाअखेरपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पठाराच्या पश्चिम कडेला वारा दरीतून वर चढतो आणि त्या कडेवर उभं राहिलं की खरूची, म्हणजे केस्ट्रेल हा छोटा ससाणा, अगदी समोर दिसते. या दिवशी एक मादी आमच्यापासून तीस-पस्तीस पावलांवर, जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत, हवेत उभी होती. तोंड वाऱ्याकडे. शेपटी पूर्ण उलगडलेली, टोकाला काळा पट्टा आणि त्याच्या कडेला पांढरी किनार. वारा पडला की पंख जोरात हलत, झुळूक आली की नुसती टोकं थरथरत. शरीर पुढे-मागे होत होतं, शेपटी वर-खाली होत होती, पण डोकं जागचं हलत नव्हतं. मी दुर्बीण दगडावर टेकवून तिचा डोळा पाहत राहिलो. गडद डोळा, त्याखाली मिशीसारखी काळी रेघ. ती एक पायरी खाली उतरली, पुन्हा थांबली, आणखी उतरली, आणि मग पंख मिटून गवतात पडली. वर आली ती पंजात नाकतोडा घेऊन. जांभ्याच्या एका उंचवट्यावर बसून तिने आधी त्याचे मागचे लांब पाय उपटून टाकले आणि मग बाकीचा खाल्ला.

ती उडून गेल्यावर त्या दगडापाशी गेलो. दगड पांढऱ्या विष्ठेने माखला होता, म्हणजे जागा रोजची. खाली अंगठ्याच्या पेराएवढी करडी, कोरडी गोळी पडली होती. शिकारी पक्ष्यांच्या पोटात जे पचत नाही ते अशा गोळ्या होऊन तोंडावाटे बाहेर येतं. भाचीने चिमट्याने ती कागदावर उकलली. भुंगेऱ्यांच्या पंखांची काळी-हिरवी चकचकीत कवचं, नाकतोड्याच्या पायांचे काटेरी तुकडे, उंदराचे केस आणि सरड्याचा नखभर जबडा, त्यात दातांची ओळ शाबूत. कुठल्याही फोटोपेक्षा ही गोळी या पठाराबद्दल जास्त सांगते.

सरड्यावरून पवनचक्क्यांचा विषय निघाला. याच पठारावर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी केलेला अभ्यास २०१८ साली 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मध्ये आला आणि जगभर वाचला गेला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले. पक्षी कमी म्हणून सरडे वाढले. हा सरडा म्हणजे सराडा सुपर्बा, उन्हाळ्यात गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा उघडून मादीला दाखवणारा. त्याचं शास्त्रीय वर्णन २०१६ साली प्रसिद्ध झालं. चक्क्यांखालचे सरडे नुसते जास्त नव्हते, ते वागण्यातही बदलले होते. ताणाची संप्रेरकं त्यांच्यात कमी होती, माणसाला ते जास्त जवळ येऊ देत होते, आणि गर्दीमुळे अन्नाची वाटणी होऊन अंगाने खंगलेही होते. वरचा शिकारी हलला की खाली काय काय हलतं, हे इतक्या स्वच्छपणे आपल्या जिल्ह्यात दाखवलं गेलं याचा मला अभिमान वाटतो. पवनऊर्जा हवीच आहे. पण पुढची पठारं निवडताना हा अभ्यास टेबलावर असायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

दुपारी चक्क्यांपासून लांब, दक्षिणेकडच्या मोकळ्या भागात सापमार गरुड दिसला. एवढा मोठा पक्षी खरूचीसारखा हवेत थांबतो, हीच त्याची पहिली ओळख. डोकं मोठं, घुबडाच्या अंगाने जाणारं, डोळे पिवळेजर्द, पंख खालून पांढुरके. मनगटापाशी, म्हणजे पंख जिथे दुमडतो तिथे, गडद डाग नाही. "बातुमीत हे आधी बघायला सांगायचे," भाची म्हणाली. "पंखाच्या मनगटाला काळा डाग आहे की नाही. रंग सगळ्यात शेवटी." मीही इतकी वर्षं नवख्यांना हेच सांगत आलो आहे. रंग प्रकाशावर जातो, वयावर जातो, एकाच जातीत दोन-दोन, तीन-तीन तऱ्हांचा असतो. आधी पंख किती रुंद आणि किती लांब, शेपटी छाटलेली, गोल की खाचेची, पंख सपाट धरलेत की वर उचललेत, आणि पक्षी काय काम करतोय, ते पाहावं.

शनिवार : कास, बामणोली

कास पठारावर थांबलोच नाही. कासहून बामणोलीकडे उतरणाऱ्या रस्त्याला जंगल दाट होत जातं आणि खाली कोयनेचं पाणी, शिवसागर, दिसायला लागतं. शिकारी पक्ष्यांसाठी असा वळणावळणाचा घाट फार सोयीचा. झाडांचे शेंडे आपल्या पायाखाली येतात आणि एरवी पोट दाखवणारे पक्षी इथे पाठ दाखवतात.

साडेनऊपर्यंत धुकं होतं. ते विरलं आणि सर्पगरुडाची शीळ आली, दोन-तीन चढे सूर आणि मग लांबलेला एक. हा पक्षी बहुतेक वेळा आधी ऐकू येतो. मग पाहिला तर पंखांच्या मागच्या कडेने जाणारा रुंद पांढरा पट्टा आणि शेपटीवर तसाच एक, इतकी ठसठशीत खूण की एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

त्यानंतर जे झालं त्यासाठी मी भाचीला इथे आणलं होतं. एका वळणावर, समोरच्या उतारावरून एक पक्षी गरम हवेवर चढत आला. लांब मान, बारीक डोकं, लांब शेपटी, पंख रुंद. "मधुबाज!" ती लगेच म्हणाली, आणि लगेच गप्प झाली. मग पुटपुटत मोजायला लागली. पंखाच्या टोकाला सुटी दिसणारी पिसं, ज्यांना पक्षीनिरीक्षक बोटं म्हणतात, ती ती मोजत होती. "सहा. मामा, सहा आहेत. आणि मनगटावर डाग नाही."

बातुमीवरून जाणाऱ्या गर्दीत सगळ्यात मोठा वाटा युरोपीय मधुबाजाचा. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला एकाच दिवसात लाखाच्या घरात पक्षी गेल्याच्या नोंदी आहेत. त्याला पाच बोटं असतात आणि मनगटावर काळा डाग ठळक. आपला आशियाई मधुबाज अंगाने भरलेला, सहा बोटांचा, मनगट स्वच्छ. दरवर्षी थोडे आशियाई पक्षीही बातुमीच्या गर्दीत सापडतात आणि हजारो पाचबोट्यांतून एक सहाबोट्या शोधणं ही तिथल्या मोजणाऱ्यांची सगळ्यात मानाची गोष्ट. तिने तिथे कधी तो नीट पाहिला नव्हता. इथे तो आमच्या डोक्यावर आरामात फिरत होता. शेपटीवर दोन रुंद गडद पट्टे, डोळा गडद, चेहरा करडा, म्हणजे नर. मग तो एका फांदीवर बसला आणि टेलिस्कोपमधून त्याच्या चेहऱ्यावरची बारीक, खवल्यांसारखी दाट पिसं दिसली. गांधीलमाश्यांची आणि मधमाश्यांची पोळी फोडून अळ्या खाणाऱ्या पक्ष्याला डंखांपासून तीच वाचवतात. पाऊण तास तो हलला नाही. भाचीने त्याचं चित्र काढलं. एवढ्या निवांतपणे मधुबाज पाहता येतो हेच तिला नवीन होतं. तिथे पक्षी नदीसारखा वाहतो, मोजून सोडून द्यायचा. इथे तो राहतो, खातो, झोपतो.

काळा गरुड बामणोलीच्या अलीकडे दिसला. तो शेंड्यांना जवळजवळ घासत, पंख वर उचलून, इतका सावकाश जातो की पडेल असं वाटावं. पंख बुंध्याशी अरुंद आणि पुढे रुंद, बोटं लांब आणि पसरलेली. काळ्या अंगावर पाय आणि चोचीचं मूळ तेवढं पिवळं. झाडांच्या शेंड्यांतली घरटी चाळून अंडी-पिल्लं उचलणं हे त्याचं मुख्य काम, आणि ते कळलं की त्याचं हळू उडणंही उमगतं. वेगाने जाणाऱ्याला पानांआडचं घरटं दिसणार नाही. सह्याद्रीत जंगल शाबूत असेल तिथेच हा भेटतो.

बामणोलीच्या धक्क्यावर वासोट्याला जाणाऱ्यांच्या बोटी लागलेल्या. पाण्यात उभ्या वठलेल्या झाडावर ऑस्प्रे, ज्याला आपल्याकडे कैकर म्हणतात, मासा पायाखाली धरून बसला होता. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर आढळणारा हा पक्षी भाचीचा काळ्या समुद्रावरचा जुना ओळखीचा. त्याच्या पायाचं बाहेरचं बोट मागे फिरतं आणि तळव्यावर काटे असतात, निसटता मासा त्यामुळे सुटत नाही. बोटवाल्याने सांगितलं की दिवाळीनंतर तो रोज त्याच झाडावर असतो.

रविवार : कोरेगाव, पुसेगाव, वडूज

घाटाची सवय झालेल्या डोळ्यांना पूर्वेचा मोकळेपणा पहिल्यांदा चुकल्याचुकल्यासारखा वाटतो. कोरेगाव ओलांडलं की ऊस विरळ होतो आणि पुसेगावच्या पुढे शाळू सुरू होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारा पाहत जायचं. दर दोन-तीन किलोमीटरवर एक कापशी. पांढरी-राखी, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक, तारेवर बसून शेपटी वर-खाली करणारी. हिचं पोट उंदरांवर चालतं. शेतात विषारी आमिषं ठेवण्याआधी शेतकऱ्याने बांधावर कापशी आहे का एवढं बघावं, असं मला मनापासून वाटतं, कारण विष खाऊन झिंगलेला उंदीर तिच्याच तोंडी आधी लागतो.

वडूजच्या अलीकडे बाभळीवर तिसा बसलेला सापडला. पांढरा डोळा, पांढऱ्या गळ्यावर मधोमध उभी काळी रेघ, शेपटी तांबूस. तासन्‌तास एका जागी बसणारा हा पक्षी गाडीतून घाईने जाणाऱ्याला कधीच दिसत नाही.

दुपारी माळावर गाडी लावून टेलिस्कोप मांडला. मेंढरांचा कळप घेऊन एक म्हातारे मेंढपाळ जवळ आले. थोडा वेळ पाहिलं आणि मग विचारलं,

"पाव्हणं, काय बघताय?"

"आबा, शिकारी पक्षी. घारी, गरुड."

"घारी ढीग हाईत. गिधाडं बघायची व्हती तर आमच्या टायमाला यायला पायजे व्हतं. जनावर टाकलं की दिस मावळायच्या आत निस्ती हाडं ऱ्हायची."

"कुठे टाकायचे जनावर?"

"त्या वगळीच्या पल्याड. आता कुत्री खात्यात. अन् कुत्री माजली की मेंढरांच्या मागं लागत्यात."

त्यांनी दाखवलेल्या वगळीपाशी आम्ही गेलो. हाडं होती, प्लास्टिक होतं, कुत्र्यांची टोळी होती. भाची बराच वेळ काही बोलली नाही. डायक्लोफिनॅक हे औषध तिच्या रोजच्या अभ्यासातलं. माणसाला दुखण्यावर सर्रास देतात. तेच गुराला दिलं, ते जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, तर त्याची मूत्रपिंडं निकामी होतात, युरिक आम्ल आतल्या अवयवांवर खडूसारखं साचतं आणि काही दिवसांत पक्षी मरतो. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००४ साली सिद्ध केलं. तोवर फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झालं, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ साली तीन मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीवर बंदी आली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. गुराला मेलॉक्सिकॅम दिलं तर गिधाडाला धोका नाही, आणि ते दुकानात मिळतं. हे भाचीने आबांना सोप्या शब्दांत समजावलं. आबांनी नाव दोनदा म्हणून घेतलं आणि पुतण्याच्या मोबाईलमध्ये तिच्याकडूनच लिहून घेतलं.

रात्री ओळखीच्या घरी मुक्काम. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, खर्डा. जेवताना घरातल्या पोरांनी मोबाईलवर काढलेले घारींचे फोटो दाखवले. त्यातला एक तुरुमतीचा निघाला, डोकं वरून विटकरी, अंगावर आडव्या बारीक रेघा. तुरुमतीला नारळाचे आणि ताडाचे शेंडे आवडतात, जोडीने मिळून चिमण्या-चंडोलांची शिकार करते, एक हाकतो आणि दुसरा धरतो. पोरांच्या शाळेमागच्या माडावरच तिची जोडी होती. सकाळी ती पाहून मगच निघायचं, असं पोरांनी आमच्याकडून कबूल करून घेतलं.

सोमवार : मायणी, माणचा माळ

तुरुमती दिसली, दोन्ही. पोरं शाळेत, आम्ही मायणीला.

मायणीच्या तलावावर पाणी ठीक होतं, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आले नव्हते. दलदली भोवत्याची (मार्श हॅरियर) एक मादी पाणकणसांवरून जात होती आणि ती डोक्यावर आली की सगळी बदकं उठत होती. तिचं डोकं मलईच्या रंगाचं, बाकी अंग चॉकलेटी. पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून, थोडं फडफडून, मग तरंगत, असं सगळे भोवत्या उडतात. एवढं पाहून निघालो, कारण दिवसाचं खरं काम संध्याकाळी होतं.

माणच्या एका माळावर हिवाळ्यात भोवत्यांचा रातथारा असतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भोवत्या झाडावर झोपत नाही, उंच गवतात जमिनीवर झोपतो, आणि अनेक पक्षी एकाच गवतात उतरतात. कुत्र्यांना, कोल्ह्यांना आणि फोटो काढायला धावणाऱ्या माणसांना ते सहज सापडतात. गुजरातेत वेळावदरला काळविटांच्या राष्ट्रीय उद्यानात असा फार मोठा रातथारा आहे, राखलेला. माणमध्ये राखण गवताचीच.

पाचच्या आधी आम्ही बांधाआड, गवतापासून दोनशे पावलांवर बसलो. कुसळी गवताची कुसळं मोज्यांतून टोचत होती. सव्वापाचला पहिला पक्षी आला, पूर्वेकडून, जमिनीपासून हातभर उंचीवर. नर, पांढुरका भोवत्या. करडा इतका फिका की मावळत्या उन्हात पांढराच दिसावा, पंखाच्या टोकाला काळी निमुळती पाचर, बाकी अंग कोरं. मागोमाग माँटेग्यू भोवत्याचा नर. तो जास्त गडद करडा, पंखावर मधून जाणारी काळी रेघ, पोटावर तांबूस ओघळ. दोघं शेजारून उडाले तेव्हा फरक असा दिसला की पुस्तकाची गरज उरली नाही.

माद्या आणि कोवळे पक्षी मात्र कसोटी पाहतात. दोन्ही जातींत तपकिरी अंग, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, शेपटीवर आडव्या रेघा. इथे भाचीचे बातुमीचे सप्टेंबर कामाला आले, कारण या दोन्ही जाती त्या महिन्यात तिथून जातात. "गळ्याभोवती बघ," ती म्हणाली. कोवळ्या पांढुरक्या भोवत्याच्या मानेला फिकट पट्टा असतो आणि त्यामागे गडद पट्टी, त्यामुळे तो पट्टा उठून दिसतो. माँटेग्यूला तसा पट्टा नाही, पण डोळ्याभोवती पांढरं जास्त. उन्हं तिरपी असताना हे दिसतं, सहा वाजले की नाही. म्हणून आम्ही वाटणी केली. ती येणाऱ्या प्रत्येक पक्ष्याचा चेहरा पाहणार आणि मोठ्याने सांगणार, मी आकडे लिहिणार.

सूर्य टेकला तसे ते चारी दिशांनी आले. काही उतरले, पुन्हा उठले, दुसऱ्या जागी उतरले. वर हवेत एकमेकांच्या मागे लागत होते. दिवसभर एकेकटे हिंडणारे हे पक्षी रात्री एकत्र का येतात, याची कारणं शोधणाऱ्यांनी बरीच लिहिली आहेत, सुरक्षितता, चांगल्या शिकारीच्या जागेचा सुगावा. बांधावर बसून पाहणाऱ्याला एवढं नक्की दिसतं की शेवटी उतरणारा पक्षीही आधीच्यांनी भरलेल्या गवतातच जागा शोधतो, शेजारच्या मोकळ्या गवतात जात नाही. अंधार पडेपर्यंत सव्वीस पक्षी वहीत आले. ओळख पटलेले पांढुरके अकरा, माँटेग्यू नऊ, दलदली दोन, आणि चार नुसते भोवत्या. कझाकस्तानच्या गवताळ मैदानात जन्मलेले पक्षी माणच्या कुसळीत झोपले होते, आणि ते इथे येतात ते नाकतोड्यांसाठी, चंडोलांसाठी, उंदरांसाठी. त्यासाठी लागतं ते गवत, आणि तेच गवत सरकारी कागदावर पडीक म्हणून लिहिलेलं असतं. पडीक लिहिलं की त्यावर काहीही करायला कुणाला हरकत वाटत नाही. झाडं लावणारेही उत्साहाने खड्डे खणतात आणि माळाचं माळपण मोडतं.

ज्यांचं गवत आहे ते शेतकरी अंधारात कंदील घेऊन आले. त्यांच्या रानापर्यंत आता उपसा योजनेचं पाणी येऊ घातलंय. दुष्काळात टँकरच्या मागे धावलेल्या माणसाला पाणी घेऊ नका असं कुणी सांगू शकत नाही, मीही सांगणार नाही. डाळिंब लावायचं त्यांच्या मनात आहे. भाचीने त्यांना वही दाखवली. त्यांनी विचारलं, "सव्वीस? आमच्या रानात?" मग बसले आमच्याजवळ आणि बरंच विचारत राहिले, ते काय खातात, किती लांबून येतात, परत कधी जातात. फाल्गुनात जातात म्हटल्यावर त्यांनी हिशेब केला. डाळिंब ओढ्याच्या बाजूच्या तुकड्यात आधी लावायचं, कारण माती तिथेच बरी आहे. वरचं मुरमाड गवत दरवर्षी डिसेंबरात कापून विकतात, ते यंदा अर्धं कापायचं, आणि पक्षी उतरतात तो पट्टा होळीपर्यंत उभा ठेवायचा. त्या पट्ट्याच्या गवताचे पैसे आम्ही देऊ म्हटलं. ते म्हणाले, गवताचे नकोत, पण कुत्री हाकायला आणि रात्री वणवा लागला तर विझवायला माणूस लागतो, त्याची मजुरी द्या. रक्कम तिथेच ठरली.

जानेवारीत पुन्हा मोजणी आहे. त्या वेळी शाळेतली ती पोरंही येणार आहेत, तुरुमतीवाली. त्यांना आणायची-सोडायची जबाबदारी भाचीने घेतली आहे आणि दुसरा टेलिस्कोप मिळवायची माझी.